तिसरा साचा

'कामगार संघटनांनी गिरण्या बुडवल्या' ह्या वाक्याला कर्ता सापडत नाही. कोणी ते प्रथम उच्चारले हे सांगता येत नाही, आणि ते खरे की खोटे हे तपासण्याची गरजही कोणाला वाटत नाही. म्हणींचे जे होते तेच ह्या वाक्याचे झाले आहे. कोल्हापुरात ते शाहू मिलच्या संदर्भात ऐकू येते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली ज्या गिरणीची कोनशिला बसवली, ती गिरणी पुढे राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००३ साली बंद पडली. तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी अजून शहरात आहे. तेथून तीसेक किलोमीटरवरच्या इचलकरंजीत मात्र मागांचा खडखडाट चालू राहिला. मग निष्कर्ष आयताच हाती येतो : जेथे संघटना प्रबळ तेथे गिरणी मेली, जेथे ती दुर्बळ तेथे माग जगला. ह्या निष्कर्षातील 'कार्यक्षमता' हा शब्द नेमका कशाचा वाचक आहे, हे पाहिल्याशिवाय तो स्वीकारणे किंवा नाकारणे सारखेच निरर्थक होय.

विणकामात कार्यक्षमतेला एक रोकडा अर्थ आहे. धोटा एकदा ह्या टोकाकडून त्या टोकाकडे गेला की आडव्या धाग्याची एक फेक होते. तिला कारखान्यातील भाषेत 'पिक' म्हणतात. शेतातल्या पिकाशी तिचे नाते केवळ उच्चारापुरते. समजा, एक माग मिनिटाला दीडशे पिके टाकतो. आठ तासांत न थांबता तो बहात्तर हजार पिके टाकील. प्रत्यक्षात सत्तावन्न हजार सहाशे पडली, तर त्या मागाची कार्यक्षमता ऐंशी टक्के. उरलेल्या वीस टक्क्यांत धागा तुटणे, कांडी संपणे, माग बिघडणे, बीम बदलणे हे सारे येते. ह्या हिशेबात माणूस कोठेच नाही. आकडा मागाचा आहे. आणि तो वाढवण्याचा सोपा उपाय म्हणजे एका मागापाशी अधिक माणसे उभी करणे. उलट, माणसाची उत्पादकता मोजायची तर भागाकार माणसांच्या संख्येने करावा लागतो, आणि ती वाढवण्याचा सोपा उपाय म्हणजे एका माणसाला अधिक माग देणे. ही दोन मापे बहुधा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढतात. विसाव्या शतकातील भारतीय गिरणीचा बराचसा इतिहास ह्या ओढाताणीचा आहे.

मुंबईच्या गिरण्यांत मागाला 'साचा' म्हणत आणि साचेवाला दोन साचे चालवी. लँकेशायरचा विणकर साधारणतः चार चालवी, आणि जपानी गिरण्या तर एका कामगारामागे त्याहूनही अधिक मागांपर्यंत पोचल्या. ग्रेगरी क्लार्क ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ साली ह्याच तफावतीवर एक गाजलेला लेख लिहिला. यंत्रे तीच, बहुतेक लँकेशायरहूनच आणलेली. मग एका देशातील कामगार दुसऱ्या देशातील कामगाराच्या दुप्पट यंत्रे का सांभाळतो? त्यांचा रोख भारतीय कामगाराच्या कामाच्या पद्धतीवर होता. राजनारायण चंदावरकरांसारख्या इतिहासकाराला ह्याच वस्तुस्थितीत वेगळे काही दिसले. यंत्र आयात केलेले आणि महाग, माणूस स्वस्त. अशा वेळी मालकाच्या दृष्टीने यंत्र क्षणभरही थांबू नये हे महत्त्वाचे. दोन माणसांच्या जागी तीन उभी राहिली तरी त्याचे फारसे बिघडत नव्हते. शिवाय अनेक मॅनेजिंग एजन्सींचे कमिशन नफ्यावर नव्हे, तर उत्पादनावर किंवा विक्रीवर ठरलेले असे. कापड निघत राहणे हेच त्यांचे हित. दोन साच्यांची रूढी काही कामगार संघटनेने लादलेली नव्हती. ती रुजली त्या काळात मुंबईत म्हणण्याजोगी संघटनाच नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नाने १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली खरी, परंतु त्यांची 'मिलहँड्स असोसिएशन' वर्गणीदार सभासद असलेली ट्रेड युनियन नव्हती.

येथे कोल्हापूरचा एक धागा जोडला पाहिजे. १९१८ साली परळ येथे गिरणी कामगारांपुढे बोलताना शाहू महाराजांनी त्यांना युरोपातील कामगारांप्रमाणे संघटित होण्याचा सल्ला दिला. स्वतःच्या संस्थानात गिरणी उभारणारा राजा मुंबईत जाऊन कामगारांना संघ काढायला सांगतो, ह्यात आजच्या वाचकाला विसंगती वाटेल. मला ती वाटत नाही. सत्यशोधकी परंपरेत उद्योग आणि संघटन ही एकाच उन्नतीची दोन अंगे होती. सी. के. बोले ह्यांची १९०९ ची कामगार हितवर्धक सभाही त्याच वातावरणातून आलेली. परळच्या त्या श्रोत्यांत घाटावरचे आणि कोकणातले लोकच अधिक असणार, कारण मुंबईच्या गिरण्या सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी ह्या भागांनीच चालवल्या. त्यांचे एक पाऊल चाळीत आणि एक शेतात असे. गावाकडची ती भाकरी होती म्हणून तर सहा-सहा महिन्यांचे संप शक्य झाले.

पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली आणि जपानी कापडाने बाजार घेरला, तेव्हा मालकांना 'एफिशियन्सी'ची आठवण झाली. सासून समूहाच्या गिरण्यांत नवी योजना आली : साचेवाल्याने दोनाऐवजी तीन साचे चालवायचे, त्रासन खात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायच्या. मजुरी थोडी वाढणार, पण दर तीन साचेवाल्यांपैकी एकाचे काम जाणार. ह्यातून आणि मजुरीतील कपातीतून १९२८ चा सार्वत्रिक संप पेटला. २६ एप्रिलपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. ह्याच संपात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, जन्माला आली. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर ही शिकलेली मंडळी आणि अध्यक्षस्थानी आळवे हा गिरणीतलाच कामगार. वर्षअखेर तिचे सभासद पन्नास हजारांच्या वर गेले होते.

तिसऱ्या साच्याला कामगारांचा विरोध होता, एवढेच पाठ्यपुस्तकांतून आपल्याला कळते. विरोधाचे कारण मात्र अधिक बारकाईने ऐकण्याजोगे आहे. हलक्या कापसाचे मिश्रण वापरले की सूत कच्चे निघते, कच्चे सूत वारंवार तुटते आणि प्रत्येक तुटलेला धागा म्हणजे थांबलेला साचा. खळ नीट लागली नाही, हवेतील दमटपणा कमी-अधिक झाला, तरी तेच. मजुरी वारावर किंवा वजनावर. खराब निघालेले कापड साचेवाल्याच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याची पद्धत. म्हणजे माल निवडणार मालक, आणि त्या मालाच्या दोषाचा दंड भरणार कामगार. चांगले सूत द्या, मग तिसऱ्या साच्याचे बोला, असा ह्या तक्रारीचा मथितार्थ होता. कार्यक्षमतेला विरोध करणाऱ्याचे हे बोलणे नव्हे. ती कशावर अवलंबून असते हे ज्याला हाताने ठाऊक आहे, त्याचे हे बोलणे आहे. न्यायमूर्ती फॉसेट ह्यांच्या समितीने १९२९ साली योजनांचे तत्त्व बऱ्याच अंशी ग्राह्य धरले, परंतु सुताची प्रत आणि कामाची परिस्थिती हा प्रश्न काल्पनिक आहे असे कोणालाच म्हणता आले नाही.

ह्या आळशीपणाच्या आरोपाला एक मौजेचे उत्तर लँकेशायरनेच दिले आहे. ज्यांचे उदाहरण मुंबईच्या साचेवाल्यापुढे ठेवले जाई, त्या बर्नलीच्या विणकरांपुढे चाराऐवजी अधिक माग चालवण्याची योजना आली, तेव्हा १९३१ साली त्यांनीही विरोध केला आणि तेथे टाळेबंदी झाली. चार माग ही निसर्गाने आखलेली मर्यादा नव्हती आणि दोन हीसुद्धा नव्हती.

परंतु संघटनेची बाजू मांडताना तिच्या दृष्टीआड राहिलेले एक खाते विसरता येत नाही. कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. ह्या एका कृतीचे निमित्त करून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात, म्हणजे अधिक मजुरीच्या खात्यात, येऊ दिले जात नसे; त्यांच्या वाट्याला त्रासन खाते आणि त्याहून हलकी कामे. डॉ. आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न ठामपणे पुढे आणला आणि कामगार एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांना तो फारच अडचणीचा गेला. हा विटाळ मालकाने शोधून काढलेला नव्हता. तो कामगारांनीच गावाहून आणला होता, आणि मालकाने तो बिनदिक्कत चालू दिला. कार्यक्षमतेच्या कोणत्याही व्याख्येप्रमाणे, हजारो माणसांना जातीमुळे एका कौशल्यापासून दूर ठेवणे ही हानी आहे. तिची टक्केवारी कोणत्याही एफिशियन्सी योजनेत काढलेली नव्हती. १९२९ च्या दुसऱ्या सार्वत्रिक संपाला आंबेडकरांनी विरोध केला. तो संप ढेपाळला. त्याच्या आधीच, मार्चमध्ये, मीरत खटल्यासाठी पुढारी पकडले गेले होते. चौकशी न्यायालयाने दोष युनियनच्या माथी मारला आणि पन्नास हजारांची संघटना पाहता पाहता विरली. तो संप पुकारण्यात घाई झाली होती असे माझेही मत आहे.

ह्या दोन संपांच्या मधल्या काही महिन्यांत मात्र एक गोष्ट घडली, जिची चर्चा कमी होते. गिरणीगणिक कामगारांच्या समित्या निघाल्या. जॉबरची मनमानी, कापलेला पगार, खराब सूत ह्या रोजच्या तक्रारी त्या सरळ व्यवस्थापकापुढे नेऊ लागल्या. व्यवस्थापकांना ही बेशिस्त वाटली, आणि काही वेळा ती होतीही. अल्बर्ट हिर्शमन ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली मांडलेली एक कल्पना येथे उपयोगी पडते : असमाधानी माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणे किंवा बोलणे. फ्रीमन आणि मेडॉफ ह्या अमेरिकी अभ्यासकांनी १९८४ च्या ग्रंथात ती संघटनांना लावली. संघटनेला दोन चेहरे असतात, असे ते म्हणतात. एक मक्तेदाराचा, जो मजुरी बाजारभावापेक्षा वर नेतो. दुसरा बोलणाऱ्याचा, जो कारखान्यातले दोष कारखान्यालाच कळवतो. दुसरा चेहरा जिवंत असेल तेथे माणसे टिकतात, शिकतात, उत्पादकता वाढते. तो नसेल तेथे कामगार 'निघून' जातो. मुंबईत हे निघून जाणे म्हणजे खाडे, गावी लांबवलेला मुक्काम आणि त्याच्या जागी दारात ताटकळणारा बदली कामगार. बदली ही संस्थाच मुळी न ऐकलेल्या तक्रारीवर पोसलेली होती.

म्हणून १९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्ट मला ह्या इतिहासातील सर्वांत निर्णायक कागद वाटतो. त्या कायद्याने एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना मान्य केली, आणि मुंबईच्या कापड धंद्यात तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. औद्योगिक शांतता हा हेतू. तो काही काळ साधलाही. परंतु ज्या संघटनेवरचा कामगारांचा विश्वास उडाला तीच कायद्याने त्यांच्या वतीने बोलत राहिली. आवाज होता, पण दुसऱ्याचा. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष उफाळला, कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. मजुरीइतकीच त्यांची मागणी तो कायदा रद्द करण्याची होती, हे आता बहुतेक जण विसरले आहेत. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. माणसे गावी परतली. कोल्हापूर, सातारा, सांगलीच्या खेड्यांत ह्या परतलेल्यांची एक पिढीच आहे.

ह्या संपाने गिरण्या बुडाल्या का? त्याने बुडणे वेगवान झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. सामंतांचा हिशेब इंजिनिअरिंग आणि औषधी कंपन्यांत जमला होता, कारण तेथे नफा होता आणि बंद पडणे मालकाला परवडत नव्हते. कापड गिरण्यांच्या मालकांना ते परवडले, हा फरक त्यांनी पुरेसा जोखला नाही. पण पाण्याची पातळी आधीच चढलेली होती. १९५६ पासून सरकारने गिरण्यांच्या मागांची वाढ रोखून धरली होती. विकेंद्रित क्षेत्राला करात सवलत होती. हातमागाला वाचवण्यासाठी आखलेल्या धोरणाचा लाभ यंत्रमागाने उचलला. गिरण्यांतला नफा यंत्रांकडे वळण्याऐवजी अन्यत्र वळला आणि गिरण्यांखालची जमीन गिरण्यांहून मोलाची झाली. ह्या साऱ्यात कामगार संघटनेचा अपराध किती टक्के, हे काढू पाहणारे अभ्यास आहेत. बेस्ली आणि बर्जेस ह्यांच्या २००४ च्या निबंधाचा निष्कर्ष असा, की ज्या राज्यांनी कायदे कामगारांच्या बाजूने बदलले तेथे नोंदणीकृत कारखानदारी मागे पडली. त्यांच्या वर्गीकरणात महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन्ही राज्ये कामगारधार्जिणी ठरतात! आदित्य भट्टाचार्य ह्यांनी ह्या वर्गीकरणावर घेतलेले आक्षेप वाचल्यावर त्या आकड्यांवर फार मोठी इमारत उभी करू नये असे वाटते.

आता इचलकरंजी. कोल्हापूर संस्थानातील ह्या जहागिरीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांचे पाठबळ होते. पुढे त्याचे लाखभर माग झाले. बहुतेक मालक छोटे. त्यांतील अनेक 'खर्चीवाले', म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे. एका छपराखालचे माग घरातल्या चार जणांच्या नावांवर असले की कारखाना कायद्याच्या नजरेत कारखाना उरत नाही. पाळी बारा तासांची. आणि येथील कामगार चार, सहा, प्रसंगी आठ माग चालवतो.

म्हणजे परळमध्ये तिसरा साचा नाकारणाऱ्याच्या नातवाने इचलकरंजीत सहा माग घेतले, आणि ते संघटना नव्हती म्हणून? अर्धे उत्तर होय असे आहे. उरलेले अर्धे पिकांच्या हिशेबात दडले आहे. इचलकरंजीत मजुरी बावन्न पिकांच्या कापडावर दर मीटरला इतके पैसे, अशी ठरते. बावन्न पिके म्हणजे इंचाला बावन्न आडवे धागे. मीटरभर कापडाला दोन हजारांवर फेकी. मिनिटाला दीडशेचा माग ऐंशी टक्क्यांनी चालला तरी एका मीटरला सतरा मिनिटे लागतात, बारा तासांत एका मागावर बेचाळीस मीटर. पैशांत मोजलेल्या दरावर घर चालवायचे तर माग वाढवण्यावाचून गत्यंतर नाही. माग वाढले की प्रत्येक मागाकडे लक्ष कमी, थांबलेला माग थांबलेलाच राहतो, दोष वाढतात. माणसामागे उत्पादन वाढते, मागाची कार्यक्षमता घटते. मालकाला मात्र ते परवडते, कारण जुना माग जवळजवळ फुकटाचा आणि माणूस स्वस्त. परिणामी, लँकेशायरने टाकून दिलेल्या जातीचा धोट्याचा माग येथे दशकानुदशके चालत राहिला. मजुरी महाग असती तर स्वयंचलित माग इतक्या उशिरा आले नसते. दुर्बळ संघटनेचा हा परिणाम कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

मराठी साहित्याने ह्यातले किती टिपले, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी स्वतःला विचारण्याजोगा आहे. मामा वरेरकरांनी कादंबरीला 'धावता धोटा' हे नाव दिले. नारायण सुर्वे गिरणगावातून आले. जयंत पवारांचे 'अधांतर' संपानंतरच्या घरात घडते. चाळ, संप, उपासमार, मोर्चा हे सारे आले. काम मात्र क्वचितच आले. दोन साचे आणि तीन साचे ह्यांतला फरक बोटांना कसा जाणवतो हे आपल्याला वाङ्मयातून जवळजवळ कळत नाही. दुसरीकडे, कारखान्याकडे पाहण्याची मध्यमवर्गाची दृष्टी घडवण्यात मोठा वाटा होता तो एका कारखान्यातून निघालेल्या मासिकाचा : किर्लोस्करवाडीच्या 'किर्लोस्कर खबर'चा, १९२० पासून. उद्योगी माणूस त्या पानांतून घरोघर पोचला. उद्योगातला माणूस त्या मानाने बाहेरच राहिला.

इचलकरंजीत संघटना नव्हत्या असे म्हणणेही पूर्ण खरे नाही. लाल बावटा तेथे जुना आहे. २०१३ च्या आरंभी महिन्याहून अधिक काळ माग बंद राहिले, मजुरीवाढ मिळाली, आणि दर वर्षी महागाई भत्त्याच्या प्रमाणात पिकाचा दर वाढावा असे ठरले. त्यानंतर सहायक कामगार आयुक्तांचे कार्यालय वर्षारंभी वाढ जाहीर करते. ती द्यावयाची की नाही यावरून वाद होतात. खर्चीवाला म्हणतो, व्यापारी मला वाढवून देत नाही, मी कोठून देऊ. व्यापारी ह्या वाटाघाटीच्या टेबलापाशी बहुधा नसतोच. दरम्यान धोट्याविना चालणारे वेगवान माग गावात आले आहेत आणि जुने माग किलोच्या भावाने भंगारात जात आहेत. जे उरले आहेत त्यांच्यावरची मजुरी अजून बावन्न पिकांवर, पैशांतच मोजली जाते.